इजिप्तची गादी राणीकडून मिळायची का?

बोरू

लक्झरची सहल करून आलेल्यांना गाइडने हे हमखास सांगितलेलं असतं: फॅरोंची, म्हणजे इजिप्तच्या राजांची गादी मुलीकडून चालायची, ज्याला राजा व्हायचं त्याने थोरल्या राजकन्येशी लग्न करायचं, आणि म्हणूनच भाऊ बहिणींशी लग्न करायचे. ऐकायला अगदी चोख. हे काही गाइडच्या पदरचं नाही. एकोणिसाव्या शतकापासून इजिप्तविषयीच्या लिखाणात हे मत ठाण मांडून होतं. १९८३ साली गे रॉबिन्स यांनी अठराव्या घराण्याच्या पुराव्यावर ते घासून पाहिलं आणि ते टिकलं नाही. तज्ज्ञांनी सोडून दिलेलं हे मत सहलींत आणि यूट्यूबवर मात्र मजेत नांदतंय.

माझं म्हणणं त्याच्याही जरा पुढचं आहे. राणीमुळे राजा ठरत नव्हता. मुलगा राजा झाला की त्याची आई मोठी ठरायची.

अठरावं घराणंच घ्या (इ.स.पू. १५५० च्या सुमारास सुरू झालेलं). थुतमोस पहिला, त्याची आई सेनिसेनेब. राजकन्या नव्हे. थुतमोस दुसरा हा मुतनोफ्रेत नावाच्या दुय्यम राणीचा मुलगा. थुतमोस तिसरा, मेगिद्दोची लढाई मारणारा, त्याची आई इसेत. तीही दुय्यमच. कर्नाकला इसेतचा एक काळा दगडी पुतळा सापडला, तो मुलाने, म्हणजे राजा झालेल्या थुतमोसने अर्पण केलेला आहे आणि त्यावर ती 'राजमाता' आहे. याच थुतमोसच्या थडग्यातल्या एका खांबावर झाडाच्या रूपातली देवी त्याला दूध पाजते असं चित्र आहे, आणि त्याच खांबावर आई इसेत त्याच्याबरोबर नावेत बसलेली आहे.

पुढची पिढी: अमेनहोतेप दुसरा. आई मेरीत्रे, सामान्य घरातली. त्याच्या पुढचा: थुतमोस चौथा. आई तिआ. नवऱ्याच्या कारकिर्दीत ती जवळपास अदृश्य आहे. मुलगा गादीवर आल्यावर अचानक तिचं नाव दिसायला लागतं, इतकं की आधी मेरीत्रेच्या असलेल्या काही आकृत्यांवर तिचं नाव कोरलं गेलं. त्याच्या पुढचा: अमेनहोतेप तिसरा. आई मुतेमविया. नवऱ्याच्या काळात तिचा पत्ता नाही, मुलाच्या काळात ती लक्झरच्या देवळाच्या भिंतीवर आहे, तीही साक्षात अमुन देवाकडून गर्भ राहिलेली.

राजकन्येशी लग्न केल्याशिवाय गादी नाही हा नियम खरा असता तर यातल्या किती जणांची आई राजकन्या असायला हवी होती? निदान एकाची तरी असावी की नाही?

कैरीपन्हं

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण मग बहिणीशी लग्नाचं काय? ते तर खोटं नाही ना?

बोरू

खोटं नाही, पण कारण वेगळं. एक कारण देवांचं: ओसायरिस आणि इसिस भाऊबहीण आणि नवरा-बायको. राजा देवांच्या पंगतीतला, मग त्याने देवांसारखं वागायचं. साधी माणसं तसं करत नव्हती, त्यामुळे यात राजाचं वेगळेपणही दिसायचं.

दुसरं कारण जास्त व्यवहारी, आणि मला तेच खरं वाटतं. राजकन्या बाहेर दिली की जावई आला, जावयामागे नातू आला, आणि नातवाच्या अंगात राजाचं रक्त. उद्या तोही गादी मागणार. मुली घरातच ठेवल्या की ही कटकटच नाही.

बाहेर न देण्याचा हट्ट किती होता ते इजिप्तमधल्या अमार्नाला सापडलेल्या, राजाराजांतल्या मातीच्या पत्रांवरून कळतं. ही पत्रं १८८७ साली सापडली, बहुतेक अक्कडी भाषेत आहेत. बाबिलोनचा राजा कादाशमान-एन्लिल याने अमेनहोतेप तिसऱ्याकडे मुलगी मागितली. उत्तर गेलं की इजिप्तच्या राजाची मुलगी पूर्वापार कोणाला दिली जात नाही. त्यावर बाबिलोनचा राजा काय म्हणतो पाहा (शब्द माझे, आशय त्याचा): का नाही? तुम्ही राजे आहात, मनात आणाल ते कराल. बरं, खरी मुलगी नको, कोणीतरी देखणी बाई पाठवा, ती तुमची मुलगी नाही असं इथे कोण म्हणणार आहे?

त्याला बायको नकोच होती, त्याला दरबारात मिरवायला 'इजिप्तचा जावई' व्हायचं होतं. आणि नेमकं तेच इजिप्तला द्यायचं नव्हतं.

उलट दिशेने मात्र मुली यायच्या. मितान्नी या सीरियाकडच्या राज्याची राजकन्या गिलुखेपा आली तेव्हा तिच्याबरोबर ३१७ स्त्रिया होत्या, हे अमेनहोतेपने भुंग्याच्या आकाराच्या मोहरांवर कोरून गावभर वाटलं.

उपासाची भगर

३१७! मुक्काम कुठे केला असेल देव जाणे.

कैरीपन्हं

आणि या परदेशी मुलींचं पुढे काय व्हायचं?

बोरू

पुष्कळदा काहीच नाही. त्याच कादाशमान-एन्लिलची बहीण आधीच इजिप्तच्या जनानखान्यात होती. त्याची तक्रार अशी की माझ्या वकिलांना तुम्ही बायकांच्या घोळक्यात उभी असलेली एक बाई दाखवलीत, पण ती माझी बहीणच कशावरून? अमेनहोतेपचं उत्तर: मग तिला ओळखणारा एखादा मानकरी पाठवायचा होतात. म्हणजे बहीण जिवंत आहे की नाही हेच भावाला माहीत नाही, आणि मेव्हणा त्यालाच झापतोय.

यांची मुलं गादीवर आल्याचं दिसत नाही. थुतमोस तिसऱ्याच्या तीन बायका मेन्हेत, मेन्वी आणि मेर्ती या नावांवरून सीरियाकडच्या वाटतात. तिघींना एकाच थडग्यात पुरलं होतं, तिघींना सारखे सोन्याचे दागिने. मान होता, वजन नव्हतं.

देवगिरीकर

बोरू, तुम्ही फार सफाईने एका बाजूचा पुरावा मांडलात. आता दुसरी बाजू.

तुतनखामुन मेल्यावर त्याच्या विधवेने (बहुतेक अंखेसेनामुनच) हित्तींचा (आजच्या तुर्कस्तानातलं राज्य) राजा सुप्पिलुलिउमाला पत्र लिहिलं: नवरा वारला, मुलगा नाही, तुम्हाला पुष्कळ मुलगे आहेत असं म्हणतात, एक द्या, तो माझा नवरा होईल, माझ्या चाकराला मी नवरा करणार नाही. हित्ती राजाचा विश्वास बसेना. तेव्हा तो कार्केमिशच्या वेढ्यात होता. खात्री करायला त्याने माणूस पाठवला, तो राणीचं दुसरं पत्र घेऊन आला, तेव्हा कुठे झन्नान्झा नावाच्या मुलाला धाडला. मुलगा वाटेतच मारला गेला. हे सगळं सुप्पिलुलिउमाचा मुलगा मुर्शिली याने नोंदवून ठेवलंय.

म्हणजे एका परक्या राजपुत्राला केवळ राणीशी लग्न करून इजिप्तचा राजा होता येईल असं खुद्द राणीला वाटत होतं. याला काय म्हणाल?

आणि हत्शेप्सुत, थुतमोस पहिल्याची मुलगी आणि दुसऱ्याची राणी? सावत्र मुलगा थुतमोस तिसरा लहान म्हणून कारभार पाहायला बसली आणि काही वर्षांतच स्वतः फॅरो झाली. रक्ताचा जोर नसता तर कोणी ऐकून घेतलं असतं तिचं?

बोरू

दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

हत्शेप्सुत आधी. इनेनी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या थडग्यात लिहून ठेवलंय की थुतमोस दुसरा गेल्यावर मुलगा गादीवर बसला, पण राज्य हत्शेप्सुत चालवत होती. रक्ताचा जोर होताच, कोण नाही म्हणतंय. पण तिने हक्क कोणाकडून सांगितला? देर अल-बाहरीच्या तिच्या देवळाच्या भिंतींवर आधी अमुन देव तिच्या आईकडे येतो आणि ती जन्मते, मग थुतमोस पहिला तिला दरबारासमोर वारस म्हणून उभी करतो. दोन्ही बापच. आई अहमोसे तिथे आहे, पण कूस म्हणून. गादी आईच्या वंशाने येत असती तर हिला देव बाप कशाला लागला असता, आईचं नाव पुरेसं होतं.

शिवाय ती राजा झाल्यावर एक अडचण आली: राजाशेजारी विधींना राणी लागते. तिच्याकडे राणी कुठून येणार? 'अमुनची देवपत्नी' हे पद मुलीकडे, नेफेरूरेकडे गेलं आणि राणीच्या वाटचे काही विधी तिने केले. म्हणजे राणी हे देवळातलं आणि दरबारातलं एक कामाचं आसन होतं. ते रिकामं ठेवून चालत नव्हतं.

आता अंखेसेनामुन. त्या प्रकरणातली खरी हकीकत शेवटी आहे: झन्नान्झा मेला. इजिप्तमध्ये ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांना विधवेचा हा हिशेब मान्य नव्हता. गादी आय नावाच्या म्हाताऱ्या दरबाऱ्याकडे गेली. त्याने काय केलं ते तुतनखामुनच्या थडग्यात भिंतीवर रंगवलंय: तो बिबट्याचं कातडं पांघरून ममीचा 'मुखोद्घाटन' (तोंड उघडण्याचा) विधी करतोय. मेलेल्या राजाचे अंत्यविधी करतो तो वारस, जसे मुलगा होरसने बाप ओसायरिसचे केले. मुलगा नसेल तर विधी करणारा मुलाच्या जागी येतो. आय आणि अंखेसेनामुन यांची नावं एकत्र असलेली एक अंगठी आहे, त्यावरून त्यांचं लग्न झालं असं पुष्कळांचं म्हणणं. पण आयच्या स्वतःच्या थडग्यात राणी म्हणून कोण आहे? त्याची जुनी बायको तेय, आधीची राणी नेफरतीती हिची दाई.

देवगिरीकर

तरी अंगठी आहेच ना. काहीच गरज नव्हती तर ती घडवली कशाला?

बोरू

उपयोग होता, गरज नव्हती. राजाच्या विधवेचा आधार कोणालाही हवाच. मी फक्त तो कायदा होता हे नाकारतोय.

सांजवेळ

फार छान चर्चा. एक गंमत. एप्रिल २०२१ मध्ये कैरोत राजघराण्यातल्या ममींची मिरवणूक निघाली, जुन्या म्युझियममधून फुस्तातच्या नव्या म्युझियममध्ये. २२ ममी होत्या, १८ राजे आणि ४ राण्या. हत्शेप्सुतला (तिचीच मानली जाते ती ममी) राण्यांत मोजलं! वीसेक वर्षं फॅरो म्हणून राज्य केलं, दाढी लावून पुतळे घडवले, आणि ३४०० वर्षांनी पुन्हा बायकांच्या रांगेत.

उपासाची भगर

थुतमोस तिसऱ्याने देवळांवरून तिचं नाव खरवडलं ते कमी पडलं म्हणून.

बोरू

तेही एक आहे. खरवडलं ते ती मेल्यावर वीसेक वर्षांनी. रागच असता तर इतका दम धरला नसता. आपल्यामागे मुलाला, अमेनहोतेपला, कोणी आडवं येऊ नये ही काळजी दिसते. तीही वारसाचीच भानगड.

कोर्टाची पायरी

मी वकील आहे, इजिप्तची अभ्यासक नाही, पण या विषयातला एक खटला माझ्या फार आवडीचा आहे म्हणून राहवत नाही. रामेसेस तिसरा, विसावं घराणं, राज्य ३१ वर्षं, शेवट इ.स.पू. ११५५ च्या सुमारास. तिये नावाची त्याची एक दुय्यम बायको (अमेनहोतेप तिसऱ्याची प्रसिद्ध तिये वेगळी). हिचा मुलगा पेंतावेर. त्याला राजा करायचं म्हणून जनानखान्यात कट शिजला.

खटल्याची नोंद तुरिनच्या म्युझियममधल्या पपायरसवर आहे. वाचताना चाट पडायला होतं, कारण कटाची रचना इतकी ओळखीची आहे. राणी स्वतः बाहेर जाऊ शकत नाही. मग दालनाचा मुख्य कारभारी पेबेक्कामेन आतल्या बायकांचे निरोप बाहेर त्यांच्या आयांना, भावांना पोचवतो: लोकांना चिथवा, धन्याविरुद्ध उठवा. एकीचा भाऊ दक्षिणेकडच्या नूबियात तिरंदाजांचा सरदार, तिने त्याला कळवलं की बंड कर आणि ये. पहारेकऱ्यांना गुंगवण्यासाठी मेणाच्या बाहुल्या आणि मंत्र. यात कोषातले, पाकशाळेतले, लेखनिक, पेयं वाढणारे, सगळे सामील. आरोपींची नावंसुद्धा लेखनिकाने मुद्दाम बिघडवून लिहिली आहेत, एकाचं नाव 'रे (सूर्यदेव) त्याचा द्वेष करतो' असं. पेंतावेरचंही खरं नाव वेगळंच होतं असं नोंद म्हणते.

आणि आता माझा आवडता भाग. बारा जणांचं न्यायमंडळ नेमलं. खटला चालू असताना त्यातल्याच काहींना आरोपी बायकांनी गाठलं, आणि न्यायाधीश नि पहारेकरी त्यांच्याबरोबर दारू पीत बसले. उघडकीला आलं. शिक्षा: नाक-कान कापले. एका न्यायाधीशाने त्यानंतर जीव दिला. एक नुसता ताकीद मिळून सुटला. पेंतावेरला दोषी ठरवून 'आहे तिथे सोडलं' आणि त्याने स्वतःचा जीव घेतला, असं नोंद म्हणते. इतक्या सभ्य भाषेत देहान्ताची शिक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

तियेचं काय झालं ते त्या कागदात नाही.

कैरीपन्हं

बाप रे. पण राजा मेला का त्यात?

कोर्टाची पायरी

तोच तर वाद होता, कारण नोंद तोंड आवळून बसली आहे. २०१२ साली ममीच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष आले. गळा हाडापर्यंत चिरलेला. जखमेत होरसच्या डोळ्याचा ताईत ठेवलेला, परलोकात तरी भरून यावी म्हणून. पण कट फसला, कारण गादीवर पेंतावेर नाही, आधीच नेमलेला राजपुत्र रामेसेस चौथा आला.

बोरू

ताई, दंडवत. माझ्या धाग्याला हाच प्रतिसाद हवा होता.

यात एक भर घालतो. याच रामेसेस तिसऱ्याचं मेदिनेत हाबूला प्रचंड देऊळ आहे. तिथे राणीची आकृती आहे, पण नावाची चौकट रिकामी. राजपुत्रांची अख्खी रांग कोरलेली आहे, तिथेही नावं मुळात नव्हती, ती मागाहून भरली गेली, तीही पुढे राजे झालेल्यांनी आपली राजपदवी लावून. ३१ वर्षं राज्य केलेला माणूस पट्टराणीचं नाव दगडावर घालत नाही. म्हातारपणचा विसर तर नक्कीच नाही. मला वाटतं, कोणाचं पारडं जड आहे हे जाहीरच करायचं नव्हतं त्याला. आणि रिकामी चौकट ही जनानखान्यातल्या प्रत्येक आईला आशा. तियेने ती आशा धरली, बस्स.

देवगिरीकर

रामेसेस दुसऱ्याचं उदाहरण याच्या बरोबर उलट आहे की. त्याने दोन पट्टराण्या उघड ठेवल्या, नेफरतारी आणि इसेतनोफ्रेत. नेफरतारीसाठी अबू सिंबेलला स्वतंत्र देऊळ, तिथे दर्शनी भागात तिचे पुतळे त्याच्याच उंचीचे. मुलांच्या रांगा क्रमाने नावानिशी कोरल्या. आणि कट नाही, काही नाही.

बोरू

मान्य. पण तो ६६ वर्षं राज्य करत बसला म्हणून! नेफरतारीचा थोरला मुलगा, त्यामागचे एकेक वारस, सगळे बापाआधी गेले. शेवटी तेरावा मुलगा मेरनेप्ताह राजा झाला, इसेतनोफ्रेतचा. इतकं देऊळ-पुतळे करूनही नेफरतारीच्या पोटची गादी नाहीच आली. यादी उघड असली की निदान पुढचा कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं, इतकं मात्र तुमचं बरोबर.

सांजवेळ

सोयराबाई, ताराबाई आठवल्या वाचताना.

उपासाची भगर

त्याचा वेगळा धागा काढा, इथे काढलात तर ४०० प्रतिसाद होतील आणि इजिप्त राहील बाजूला.

कैरीपन्हं

हे फक्त नंतरच्या काळातलं का? पिरॅमिडवाल्या जुन्या राजांत असं काही?

बोरू

भरपूर, पण कागद कमी. सहाव्या घराण्यात पेपी पहिला. त्याच्या वेनी नावाच्या अधिकाऱ्याने अबिडॉसच्या आपल्या थडग्यात अभिमानाने लिहिलंय की राजाच्या जनानखान्यात राणीविरुद्ध गुप्त खटला होता, तो ऐकायला राजाने मला बोलावलं, वजीर नाही, दुसरा कोणी सरदार नाही. गुन्हा काय, राणी कोण, अक्षर नाही. बढाई मारावी पण गुपित फोडू नये, असा पक्का सरकारी माणूस.

याच पेपीने अबिडॉसच्या एका वजनदार घरातल्या दोन बहिणी केल्या, दोघींचं नाव एकच, अंखेसेनपेपी. एकीचा मुलगा मेरेनरे राजा, तो गेल्यावर दुसरीचा मुलगा पेपी दुसरा राजा, अगदी लहानपणी. त्यांचा भाऊ जाऊ वजीर. ब्रुकलिन म्युझियममध्ये अलाबास्टरचा एक छोटा पुतळा आहे: आई बसली आहे, मांडीवर पेपी. पण मांडीवरचं ते बाळ नाही, राजाचा शिरपेच घातलेला छोट्या मापाचा पूर्ण फॅरो आहे. राज्य कोण चालवत असेल ते पुतळा बघूनच कळतं.

कोर्टाची पायरी

म्हणजे राजघराण्याबाहेरच्या बहिणी, दोघींचे मुलगे राजे, भाऊ वजीर. बोरूंच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला साक्षीदार नको. फक्त एक उलटतपासणी: 'मुलगा राजा झाला की आई मोठी' म्हणता, मग अमेनहोतेप तिसऱ्याची तिये? ती तर लग्नापासूनच मोठी होती. मुलगा व्हायच्या आधी मोहरांवर नाव.

बोरू

हा अपवाद खराच आहे. तियेचे आईवडील युया आणि थुया, राजघराण्यातले नव्हेत. नवऱ्याने त्यांची नावं मोहरांवर कोरून राज्यभर पाठवली: ही अमुक-अमुकची मुलगी, आणि हिच्या नवऱ्याचं राज्य दक्षिणेला कारोयपासून उत्तरेला नहारीनपर्यंत. सासऱ्याला राजांच्या दरीत थडगं दिलं, ते १९०५ साली जवळपास भरलेलं सापडलं. नवरा गेल्यावर मितान्नीच्या राजाने परराष्ट्रनीतीची पत्रं तिला लिहिली, कारण आधीचे करार-मदार तिला ठाऊक होते. तिचं मोठेपण मुलाच्या आधीचं होतं, हे कबूल. पण राजकन्या तीही नव्हती, म्हणून गाइडचा सिद्धान्त तियेपाशीही आपटतोच.

देवगिरीकर

गाइडचा आपटला, तुमचाही जरा खरचटला.

कैरीपन्हं

आणि क्लिओपात्रा?

बोरू

ती मॅसेडोनियन टॉलेमींच्या घराण्यातली, हजारभर वर्षांनंतरची. तिथे भाऊबहीण लग्नं पिढ्यानपिढ्या आणि राण्या उघडपणे सहराज्यकर्त्या. तिथले नियम इथे लावले की घोळ होतो, आणि बहिणीमुळे गादी मिळते हा समज रुजायला तो घोळही कारण झाला असावा. त्याआधी 'देवपत्नी' दत्तक घेण्याची पद्धत आहे: इ.स.पू. ६५६ मध्ये राजा साम्तिक पहिल्याने आपली मुलगी नितोक्रिस दक्षिणेतल्या थीब्जला पाठवून तिथल्या देवपत्नीला दत्तक दिली आणि न लढता दक्षिण इजिप्त ताब्यात आणला. त्यावर लिहायचं तर जागा पुरणार नाही. शनिवार-रविवारी वेगळा धागा काढतो.

देवगिरीकर

काढा. अंगठीचं मात्र अजून पटलेलं नाही.